‘आधीच चालू आहे’: डीमन आणि लिंट यांची पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आमचा एक छोटा प्रोग्राम चालतो. यंत्रांकडून दर मिनिटाला आकडे घ्यायचे आणि साठवून ठेवायचे, एवढंच त्याचं काम. दोन पावसाळ्यांपूर्वी एका रात्री वीज गेली, यूपीएसनेही मान टाकली. पहाटे वीज आली, सर्व्हर आपोआप उठला. प्रोग्राम काही उठला नाही. सकाळच्या पाळीच्या सुपरवायझरचा फोन आला, "साहेब, रात्री दोनपासून रकाने कोरे आहेत." मी घरून लॉगिन करून स्टार्टची स्क्रिप्ट चालवली. तिचं उत्तर: ‘आधीच चालू आहे’.

स्क्रिप्ट मीच लिहिलेली, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नव्हता. पण असली स्क्रिप्ट लिहायची रीत माझी नव्हती, ती फार जुनी आहे.

पाठीमागे गुपचूप चालणाऱ्या प्रोग्रामला ‘डीमन’ म्हणायला सुरुवात झाली ती १९६३च्या सुमारास, एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमध्ये, आयबीएम ७०९४ या मशीनवर. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाला हा शब्द सुचला जेम्स क्लर्क मॅक्सवेलच्या १८६७ सालच्या कल्पनेतल्या प्राण्यावरून. हा प्राणी दाराशी बसून वेगवान आणि मंद रेणू न थकता वेगळे करत राहतो. कॉर्बाटोंच्या आठवणीप्रमाणे पहिला डीमन फाइलींची टेपवर आपोआप नक्कल काढायचा. आपल्याकडे हा शब्द ऐकून लोकांना राक्षस आठवतो, पण जुन्या ग्रीक अर्थाशी जवळचा आहे तो शेताच्या बांधावरचा म्हसोबा: दिसत नाही, बोलत नाही, पण त्याच्या भरवशावर माणसं झोपतात.

पुढे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये हे रखवालदार बरेच झाले. नावाच्या शेवटी ‘डी’ दिसला की बहुतेक वेळा तो डीमनच. पण त्यांना सुरू करण्याची पद्धत विचित्र होती. प्रोग्राम टर्मिनलवरून, म्हणजे मशीनला आज्ञा द्यायच्या कीबोर्डवरून सुरू व्हायचा आणि हे टर्मिनल अनेकदा टेलिफोन लाइनने जोडलेलं असायचं. फोन ठेवला की ‘हँग अप’चा संकेत जायचा आणि प्रोग्राम मरायचा. त्याला वाचवायला ‘नोहप’ ही आज्ञा आली. पक्का डीमन व्हायचं तर प्रोग्रामने स्वतःची नक्कल काढायची आणि मूळ प्रोसेसने (म्हणजे चालत्या प्रोग्रामने) बाजूला व्हायचं. मग त्या पोरक्या प्रोसेसला इनिट दत्तक घेतो. इनिट म्हणजे मशीन उठताना सर्वांत आधी जागी होणारी, १ क्रमांकाची प्रोसेस.

गोम इथेच आहे. ज्याने सुरू केलं त्याच्याशी नातं तोडायचं, हाच डीमन होण्याचा मार्ग. मग पुढे त्याला थांबवायचं असेल तर तो शोधायचा कसा? म्हणून त्याने आपला प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवायचा. हीच पीआयडी फाइल. ती बघून प्रोग्राम जिवंत आहे असं मानणं म्हणजे कालच्या फोटोतला दुतोंड्या मारुती (नदीतली ही मूर्ती किती बुडाली यावर नाशिककर पूर मोजतात) बघून आज गोदावरीला किती पाणी आहे ते ठरवण्यासारखं.

माझ्या स्क्रिप्टने नेमकं तेच केलं. वीज गेली तेव्हा प्रोग्रामला फाइल पुसायला सवड मिळाली नाही. फाइल मी प्रोग्रामच्याच फोल्डरमध्ये ठेवलेली, म्हणून मशीन उठतानाच्या साफसफाईतही ती वाचली. त्यातला क्रमांक तोवर भलत्याच प्रोसेसला मिळाला होता. स्क्रिप्टने विचारलं, हा क्रमांक जिवंत आहे का? आहे. विषय संपला.

यावरचा उपाय बऱ्याच अंशी जुन्या इनिटमध्येच होता, हे मला नंतर कळलं तेव्हा जरा चिडच आली. सिस्टिम व्ही या युनिक्सच्या आवृत्तीतल्या ‘इनिटटॅब’ फाइलीत ‘रीस्पॉन’ असं लिहिलं की मेलेली प्रोसेस इनिट पुन्हा उभी करायचा. लॉगिनची टर्मिनलं वर्षानुवर्षं तशीच सांभाळली गेली. पण बाकीच्या सेवा ‘इनिट डी’ फोल्डरातल्या स्क्रिप्टांवर सोडून दिलेल्या. त्या सुरू करून हात झटकायचे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस डॅनियल बर्नस्टाइन यांनी डीमन सांभाळणाऱ्या आपल्या डीमनटूल्समध्ये उलटी वाट धरली. प्रोग्रामने पळून जायचंच नाही, पालक प्रोसेसच्या डोळ्यांसमोर राहायचं. मूल गेलं की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, पालकाला लगेच कळवतो. फाइलीची गरजच उरत नाही. ॲपलने २००५मध्ये लाँचडी आणला तोही याच वळणाचा.

युनिक्सच्या वळणाच्या लिनक्सवर हे सगळीकडे पोचलं ते सिस्टमडी या नव्या इनिटमुळे. लेनार्ट पोटरिंग यांनी तो एप्रिल २०१०मध्ये जाहीर केला आणि मे २०११मध्ये फेडोरा १५ या लिनक्सच्या आवृत्तीने तो मुख्य इनिट म्हणून घेतला. सेवेने कितीही नकला काढल्या तरी त्या हरवू नयेत म्हणून तो सगळ्यांना कर्नलच्या सीग्रुपमध्ये, म्हणजे प्रोसेसच्या एका गटात, बांधून ठेवतो. भांडणंही तेवढीच झाली. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या तांत्रिक समितीत फेब्रुवारी २०१४मध्ये मतं समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आला. नाराज मंडळींनी देवुआन नावाची वेगळी चूल मांडली. एकाच प्रोग्रामने घरातलं सगळंच ताब्यात घ्यावं का, हा त्यांचा आक्षेप मला अजूनही बिनबुडाचा वाटत नाही. तरी मी त्या सकाळीच सिस्टमडीची नऊ ओळींची फाइल लिहिली.

जुनी स्क्रिप्ट फेकण्याआधी कुतूहल म्हणून तिच्यावर शेलचेक चालवला. स्क्रिप्ट न चालवता, नुसती वाचून त्यातल्या संशयास्पद जागा दाखवणारा हा प्रोग्राम. त्याने चार ठिकाणी एससी२०८६ हा इशारा दिला: चलाभोवती (व्हेरिएबलभोवती) अवतरणचिन्हं नाहीत. बरोबर होतं. पण ज्या ओळीने रात्रभराचे आकडे घालवले, तिच्याबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही. लिहिण्यात तिच्यात काही चूक नव्हतीच.

शेलचेकचा खापरपणजोबा म्हणजे लिंट. बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८मध्ये तो लिहिला. नाव कपड्याला चिकटलेल्या तुसावरून. त्या वेळी युनिक्स १६ बिटांच्या पीडीपी-११वरून ३२ बिटांच्या इंटरडेटा ८/३२वर नेण्याचा खटाटोप चालू होता. एका मशीनवर बिनतक्रार चालणारा सी भाषेतला प्रोग्राम दुसऱ्यावर कोसळायचा, कारण पूर्णांक १६ बिटांचाच असतो अशा, त्या मशीनपुरत्या खऱ्या गोष्टी लिहिणाऱ्याने गृहीत धरलेल्या असायच्या.

ही तपासणी कंपायलरनेच, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनेच, का केली नाही? पीडीपी-११वर एका प्रोग्रामच्या वाट्याला ६४ केबी पत्त्यांची जागा यायची. कंपायलरने झटपट काम उरकायचं, आणि लिंटने सगळ्या फाइली एकत्र घेऊन निवांत बघायचं, अशी वाटणी जॉन्सन यांनीच मांडली आहे. तेव्हाच्या सीमध्ये एका फाइलीतलं फंक्शन दोन आर्ग्युमेंट घेतं आणि दुसऱ्या फाइलीतून त्याला तीन दिले, तरी कंपायलर गप्प राहायचा. १९८९च्या सीच्या आन्सी प्रमाणकाने फंक्शन प्रोटोटाइप (फंक्शन काय काय घेतं याची आगाऊ जाहीर नोंद) आणले तेव्हा हे काम कंपायलरकडे गेलं.

ही ये-जा पुढेही चालू राहिली. फेब्रुवारी २०१४मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून दोनदा पडल्याचं उघड झालं. दुसरी ओळ इफच्या आत दिसत होती, पण होती बाहेर. त्यामुळे सहीची तपासणीच टळत होती. २०१६च्या जीसीसी ६ या कंपायलरमध्ये अशा फसव्या मोकळ्या जागेबद्दलचा इशारा नेहमीच्या इशाऱ्यांत आला. दरम्यान प्रत्येक भाषेने आपापला लिंट घडवला होता: जावास्क्रिप्टसाठी डग्लस क्रॉकफर्ड यांचा जेएसलिंट २००२चा, नियम आपल्या पसंतीने निवडू देणारा ईएसलिंट २०१३चा. पायथॉनचा रफ २०२२चा, रस्ट या भाषेत लिहिलेला आणि इतका चपळ की आधी वाटतं तो चाललाच नाही.

मग २०१६मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटर आणि कोड तपासणारी प्रोसेस यांच्यातल्या संवादाचे नियम, खुला केला. आज एडिटरमध्ये टाइप करताना शब्दाखाली लाल नागमोडी रेघ उमटते, तेव्हा बहुधा मागे एक प्रोसेस सतत जागी असते, फाइल वाचत आणि उत्तरं देत. म्हणजे जॉन्सन यांच्या लिंटचा शेवटी कॉर्बाटोंच्या मंडळींच्या वळणाचा डीमन झाला. तीही प्रोसेस अधूनमधून मरते. मग रेघा येत नाहीत, आणि माणसाला वाटतं आपला कोड निर्दोष आहे.

लिंट बडबड्या असतो ही तक्रार मात्र पहिल्या दिवसापासूनची. अमुक ठिकाणी गप्प राहा हे सांगायला ‘नॉट रीच्ड’, ‘आर्ग्ज यूज्ड’ अशा खास टिप्पण्या जॉन्सन यांच्या लिंटमध्येही होत्या. आमच्या ऑफिसात आता गिट कमिटच्या, म्हणजे बदल पक्का नोंदवण्याच्या, आधी शेलचेक चालतो, आणि इशारा बंद करायचा तर शेजारी कारण लिहायचं असा दंडक आहे. परवा नव्या मुलाने एससी२०८६ बंद केला. कारण लिहिलं नव्हतं, म्हणून मी परत पाठवलं. पाच मिनिटांत दुरुस्ती आली: ‘कारण: सरांनी कारण लिहायला सांगितलं.’