एसबीआयआरवर राज्याची मॅचिंग ग्रँट : संशोधन पास, कागद नापास

एसबीआयआर हा छोट्या कंपन्यांना संशोधनासाठी अनुदान देणारा अमेरिकी सरकारचा कार्यक्रम. त्या अनुदानावर अमेरिकेतली काही राज्यं जी भर घालतात ती मॅचिंग ग्रँट. तिचा अर्ज परत आला की पहिला संशय स्वतःच्या संशोधनावर जातो. पण ती परीक्षा आधीच झालेली असते. अमेरिकेच्या फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, संस्थेने तज्ज्ञांकडून प्रस्ताव तपासून घेऊनच पैसे मंजूर केलेले असतात. राज्याच्या टेबलावर तुमचं रसायन किंवा अल्गोरिदम फारसं कुणी उकरत नाही. तिथे बघतात ते शेअर कुणाच्या नावावर आहेत, कंपनी बसते कुठे, अवॉर्डची, म्हणजे फेडरल अनुदानाच्या मंजुरीची, तारीख कोणती आणि हाच खर्च दुसरीकडे लावला आहे का. घोडं पेंड खातं ते इथे.

आधी ‘मॅचिंग’ या शब्दाचा घोळ मिटवू. निम्मे आपण घालायचे आणि निम्मे सरकार घालणार, असा अर्थ लावून काही जण अर्जच करत नाहीत. तसं नाही. कंपनीला एसबीआयआर किंवा एसटीटीआरचा (विद्यापीठासारख्या संस्थेच्या भागीदारीत चालणारा जोडकार्यक्रम) फेज १, म्हणजे पहिला टप्पा, मिळाला की त्या रकमेच्या जोडीला राज्य आपल्या तिजोरीतून भर घालतं. तुमच्या खिशाला हात लागत नाही. कारण साधं आहे. फेडरल पैसा संशोधनासाठी असतो. पेटंटच्या वकिलाची फी, ग्राहकांच्या भेटीगाठी, बाजाराचा अभ्यास हे त्यात सहसा बसत नाही. शिवाय फेज १ संपून फेज २ चे पैसे येईपर्यंत काही महिने कोरडे जातात आणि छोट्या कंपन्या नेमक्या तेव्हाच माणसं गमावतात.

प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. केंटकी फेज १ आणि फेज २ दोन्हींवर भर घालतं आणि तिथे स्थलांतर करायला तयार असलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही विचार करतं. खालचा तपशील मुख्यतः नॉर्थ कॅरोलिनाचा आहे, कारण तिथल्या अटी कायद्यातच स्पष्ट लिहिलेल्या आहेत आणि त्यांवरून इतर राज्यांत काय विचारतील याचा अंदाज येतो.

मालकी : एच-१बीवाल्यांनी हे दोनदा वाचावं

राज्याची पहिली अट असते, फेडरल अटी पूर्ण असाव्यात. फेडरल अट अशी, की कंपनीची अर्ध्यापेक्षा जास्त मालकी आणि नियंत्रण अमेरिकी नागरिकांकडे किंवा ग्रीन कार्डधारकांकडे हवं. अर्ध्यापेक्षा जास्त. एक ग्रीन कार्डवाला आणि एक एच-१बीवाला (कामाच्या तात्पुरत्या व्हिसावरचा) यांनी ५०-५० वाटून घेतले तर कंपनी अपात्र. तिघांत एक ग्रीन कार्डवाला आणि वाटे सारखे, तरी अपात्र. ग्रीन कार्डसाठीची आय-१४० याचिका मंजूर आहे, आय-४८५ हा पुढचा अर्ज दाखल आहे, ईएडी हा कामाचा परवाना हातात आहे, दहा वर्षं रांगेत आहोत, यातलं काहीही ग्रीन कार्ड नाही. ही रांग अन्यायाची आहे हे खरं, पण त्या रकान्यात सहानुभूतीला जागा नाही.

यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे नागरिक असलेल्या नातेवाइकाच्या नावावर ५१ टक्के टाकून द्या. हा सल्ला घेऊ नका. नियमात मालकीबरोबर नियंत्रणही आहे, आणि प्रमाणपत्रावर सही करून खोटं सांगणं म्हणजे फेडरल सरकारची फसवणूक. त्यात घेतलेल्या रकमेच्या कितीतरी पट भरावे लागू शकतात.

भारतात प्रायव्हेट लिमिटेड आणि तिच्या पूर्ण मालकीची अमेरिकेच्या डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी, ही रचनाही चालत नाही. मालक अमेरिकी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक हवेत किंवा त्याच अटीत बसणारी दुसरी छोटी कंपनी हवी. मालकी योग्य असेल आणि भारतात तुमचीच दुसरी कंपनी असेल, तर ५०० कर्मचाऱ्यांच्या मर्यादेत तिथली माणसंही मोजली जातात. आणि फेज १ मधलं संशोधन अमेरिकेतच व्हायला हवं. कोडिंग भारतातल्या टीमकडून करून घेतो असं बजेटमध्ये लिहिलंत तर लेखी परवानगी लागते. ती क्वचितच मिळते.

दिलासा एवढाच, की मालकी मोजली जाते ती अवॉर्डच्या तारखेला. आज कॅप टेबल, म्हणजे कुणाकडे किती शेअर याचा तक्ता, जमत नसेल तर अर्ज आणि अवॉर्ड यांच्यामधल्या महिन्यांत ते वकिलाकडून रीतसर दुरुस्त करता येतं.

प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटरचं, म्हणजे प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाचं, नागरिकत्व हा वेगळा प्रश्न आहे. एनआयएच (आरोग्य संशोधन) आणि एनएसएफ (विज्ञान संशोधन) या अनुदान देणाऱ्या फेडरल संस्थांना ती व्यक्ती नागरिक असण्याची गरज नाही, काम करण्याचा कायदेशीर हक्क पुरतो. मात्र एसबीआयआरमध्ये तिचा अर्ध्याहून जास्त नोकरीचा वेळ तुमच्या कंपनीत हवा. विद्यापीठात पूर्णवेळ असलेले प्राध्यापक इथे बसत नाहीत. त्यांच्यासाठी काही संस्थांची एसटीटीआर वाट आहे, पण एनएसएफ तिथेही व्यक्ती कंपनीचीच मागतं.

एका टक्क्याचा सापळा

नॉर्थ कॅरोलिनात कंपनीचं मुख्य कामकाजाचं ठिकाण राज्यात हवं. डेलावेअरमध्ये नोंदलेली कंपनी चालते, फक्त ती राज्यात ‘फॉरेन’, म्हणजे बाहेरच्या राज्यातली, कंपनी म्हणून नोंदलेली असावी आणि खरं ऑफिस, खरी माणसं तिथेच असावीत. टपालपेटीचा पत्ता देऊन काम भागत नाही.

याहून अडचणीचं प्रमाणपत्र पुढे आहे. फेज २ च्या प्रस्तावातलं किमान ५१ टक्के संशोधन राज्यात होईल आणि फेज २ संपेपर्यंत कंपनी राज्यातच राहील, असं लिहून द्यावं लागतं. फेडरल नियम मात्र फेज २ मध्ये निम्मं काम कंपनीकडे राहिलं की समाधानी असतो. म्हणजे बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाला ३० टक्के आणि तिसऱ्या राज्यातल्या चाचणी प्रयोगशाळेला २० टक्के दिलेत, तर वॉशिंग्टन खूश आणि राज्य नाखूश. एसटीटीआरमध्ये हे आणखी सहज घडतं, कारण तिथे कंपनीचा वाटा किमान ४० टक्केच लागतो. भागीदार विद्यापीठ राज्यातलंच असेल तर प्रश्न नाही, त्यांचं कामही राज्यातलंच ठरतं. मॅचिंगचा अर्ज भरताना फेज २ चा प्रस्ताव अजून लिहिलेलाही नसतो, म्हणून हे कुणाच्या डोक्यात येत नाही. बजेटची कच्ची आकडेमोड तेव्हाच करून ठेवा.

तारखा

राज्याच्या सूचनेत दोन प्रकारच्या तारखा असतात. एक पोर्टल बंद होण्याची, दुसरी अवॉर्ड कोणत्या काळातला असावा याची. लोक पहिली भिंतीवर लिहून ठेवतात आणि दुसरीत बाद होतात. नोटीस ऑफ अवॉर्ड या मंजुरीपत्रावर जारी झाल्याची, बजेट सुरू होण्याची आणि प्रकल्प संपण्याची अशा निरनिराळ्या तारखा छापलेल्या असतात. राज्य यांतली कोणती धरतं ते सूचनेत शब्दशः शोधा. कळलं नाही तर ईमेल करून लेखी उत्तर घ्या, कारण फोनवरचं उत्तर नंतर कुणाला आठवत नाही.

विधिमंडळाने पैसे ठेवले नाहीत तर त्या वर्षी अर्जच मागवले जात नाहीत. मूळ एसबीआयआर कार्यक्रमही मुदतीचाच आहे. १९८२ च्या कायद्याने तो सुरू झाला आणि २०२२ ची मुदतवाढ ३० सप्टेंबर २०२५ पर्यंतची होती. म्हणून तयारीला लागण्याआधी ज्या संस्थेकडे जायचं तिची सूचना खुली आहे का ते पाहा. राज्याची भर फेडरल अवॉर्डवर उभी असते.

कागद

यादी लांब दिसते, पण अवॉर्डची प्रत, मूळ प्रस्ताव, बजेट, व्यापारीकरणाचा आराखडा हे तुमच्याकडे असतंच. अडचण इतर कागदांची.

पहिला म्हणजे आयआरएसचं (अमेरिकेचं आयकर खातं) सीपी ५७५, ईआयएन हा कंपनीचा कर-क्रमांक दिल्याचं पत्र. कंपनी काढताना एकदाच येतं आणि हमखास हरवतं. आयआरएस ते पुन्हा देत नाही. फोन करून १४७सी हे पत्र मागवा, तेही तेवढंच चालतं. हे पत्र सॅम या फेडरल पोर्टलवरच्या नोंदणीच्या वेळीही उपयोगी पडतं, कारण तिथे कंपनीचं नाव आयआरएसच्या नोंदीशी अक्षरशः जुळावं लागतं. ‘इन्कॉर्पोरेटेड’ आणि ‘इंक’ एवढ्या फरकानेही काम अडतं. सॅमची नोंदणी ३६५ दिवसांत संपते. नव्याने करायची असेल तर हातात किमान सहा आठवडे ठेवा. दोन दिवसांत झाली असं सांगणाऱ्यांचं नशीब वेगळं होतं.

दुसरा कागद शेवटच्या हप्त्यासाठी लागतो. नॉर्थ कॅरोलिना ७५ टक्के रक्कम सुरुवातीला देतं आणि उरलेले २५ टक्के दोन गोष्टी झाल्यावर देतं. एक, फेज २ चा प्रस्ताव फेडरल संस्थेकडे दाखल झालेला हवा. दोन, फेज १ चा अहवाल त्या संस्थेने स्वीकारलेला हवा. अहवाल पाठवल्याची पावती सगळ्यांकडे असते, स्वीकारल्याचा कागद फारशा कुणाकडे नसतो. बहुतेक वेळा पोर्टलवरची स्थिती बदलते, पत्र येत नाही. अहवाल पाठवतानाच प्रोग्रॅम ऑफिसरला विनंती करा, की स्वीकारल्यावर दोन ओळींचा ईमेल पाठवा. आणि फेज २ ला जायचंच नाही असं ठरलं असेल तर ते २५ टक्के खर्चात धरू नका.

कायद्यात कमाल रक्कम १ लाख डॉलर आहे, प्रत्यक्ष मर्यादा त्या वर्षीच्या सूचनेत असते. एका फेडरल प्रस्तावावर एकदाच, वर्षात एक आणि कंपनीच्या आयुष्यात जास्तीत जास्त पाच ग्रँट. त्यामुळे दोन फेज १ एकाच वर्षी हातात आले तर कोणत्यावर अर्ज करायचा हे शांतपणे ठरवा.

तोच खर्च दोनदा नको

फेडरल बजेटमधलं काम राज्याच्या बजेटमध्ये पुन्हा दिसलं तर अर्ज जातोच, शिवाय संशय मागे राहतो. पगाराच्या ओळीत हे सर्वाधिक घडतं. एकाच इंजिनिअरचे ७० टक्के तास फेडरलला आणि ६० टक्के राज्याला लावले की बेरीज १३० होते, आणि ती बेरीज तपासणारा करतोच. पहिल्या दिवसापासून दोन वेगळे प्रकल्प कोड आणि दोन वेगळ्या टाइमशीट ठेवा. राज्याकडे मागायचं ते फेडरल पैशात न बसणारं : पेटंटची फी, ग्राहकांच्या मुलाखती, प्रोटोटाइप दाखवायला केलेला प्रवास.

ग्रँट परत करायची नसते, म्हणून ती करमुक्त असते असंही समजू नका. राज्याकडून वर्ष संपल्यावर १०९९-जी हा कराचा फॉर्म येतो आणि त्यातल्या सहाव्या रकान्यात ही रक्कम लिहिलेली असते. पहिला हप्ता डिसेंबरात पडला आणि खर्च पुढच्या वर्षी झाला, तर कर आधी आणि वजावट नंतर अशी वेळ येऊ शकते. कराराच्या सहीआधीच हप्त्याच्या तारखेबद्दल अकाउंटंटशी बोलून घ्या.