एका पायावर उभं राहताना शरीरात काय काय चालतं

आपण नुसतं उभं असतो तेव्हा आपल्याला वाटतं की शरीर काहीच करत नाहीये, पण उभा माणूस खरं तर कधीच स्थिर नसतो. बघणाऱ्याला कळणारही नाही इतकं आपण सारखं पुढेमागे झुलत असतो, पोटऱ्यांचे स्नायू क्षणाक्षणाला थोडे आवळतात, थोडे सुटतात आणि तोल जायला लागलेलं शरीर परत जागेवर आणतात. तळहातावर काठी उभी धरली तर हात सारखा हलवत राहावा लागतो ना, अगदी तसंच घोट्यांवर आपलं अख्खं शरीर तोललेलं असतं. त्यामुळे पोश्चर म्हणजे एकदा धरली आणि झालं अशी पोज नाहीच, ते सतत चालू असलेलं काम आहे, आणि काम आहे म्हणजे ते शिकता येतं, सरावाने सुधारतं, अगदी सत्तरीतही. योगोपचाराचा, म्हणजे माणूस तपासून त्याला साजेशी आसनं देण्याचा, खरा फायदा मला इथे दिसतो.

"पोक काढू नकोस, ताठ बस" हे आपण प्रत्येकाने ऐकलंय. त्याने माणूस ताठ बसतो, पण दोन मिनिटं. लक्ष दुसरीकडे गेलं की पाठ परत वाकते, कारण पोश्चर सांभाळणारी यंत्रणा मेंदूच्या ज्या भागांत आहे, म्हणजे मेंदूचा खालचा देठ, लहान मेंदू वगैरे, ते भाग आपल्याला विचारून काम करत नाहीत. त्यांना सूचना देऊन भागत नाही, सवय लावावी लागते. आणि सवय लागायला त्यांच्याकडे पोचणारी माहिती आधी नीट असावी लागते.

ही माहिती तीन ठिकाणांहून येते. एक म्हणजे डोळे. दुसरं, कानाच्या आतला तोलाचा अवयव: त्यात तीन अर्धगोल नळ्या असतात, डोकं वळलं की त्यातलं द्रव हलतं आणि मेंदूला कळतं, शिवाय दोन छोट्या पिशव्या असतात ज्यात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, डोकं कुठे कललंय ते त्यांच्यावरून समजतं. तिसरं ठिकाण सगळ्यात दुर्लक्षित, ते म्हणजे स्नायू, सांधे आणि तळपायाची त्वचा. डोळे मिटूनही आपला हात कुठे आहे हे आपल्याला कळतं ते या तिसऱ्या जाणिवेमुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये तिला प्रोप्रिओसेप्शन हे नाव दिलं, पुढे १९३२ साली चेतापेशींच्या कामावरच्या संशोधनासाठी त्यांना नोबेलही मिळालं.

वय वाढतं तशी या तिन्ही ठिकाणांहून येणारी माहिती कमी कमी होत जाते. नजर मंदावते, कानातल्या संवेदना टिपणाऱ्या पेशी घटतात, तळपाय बधिर होतात, आणि डायबेटिस असेल तर हे बधिरपण लवकर येऊ शकतं. डॉक्टर एक साधी टेस्ट करतात, पाय जोडून उभं राहा आणि डोळे मिटा. पायाकडून येणारी माहितीच कमी असेल तर माणूस डोळ्यांच्या भरवशावर उभा असतो आणि डोळे मिटले की डगमगतो. एकोणिसाव्या शतकातल्या रोम्बर्ग या जर्मन डॉक्टरांचं नाव या टेस्टला आहे. पाठीचा मज्जारज्जू बिघडलेल्या पेशंटमध्ये त्यांना हे दिसलं होतं.

आता वृक्षासन घ्या. दोन पायांवर असताना आधाराची जागा ऐसपैस असते, एका पायावर आलं की ती एका तळव्याएवढी उरते, म्हणून सगळी यंत्रणा एकदम जागी होते. घोटा थरथरतो आणि लोकांना वाटतं आपल्याला जमत नाहीये, पण ती थरथर म्हणजेच सराव, प्रत्येक थरथरीत चूक मोजली जाते आणि दुरुस्त होते. कमरेच्या बाजूला एक स्नायू असतो, ग्लुटिअस मीडिअस, एका पायावर उभं असताना कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून तो ताकद लावतो, आणि चालताना तर प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो, म्हणजे हा स्नायू कमजोर असेल तर नुसतं चालणंही डळमळतं. हे समजलं की वृक्षासन शोभेचं आसन वाटत नाही, चालण्याची ती तयारीच आहे.

शिक्षक सांगतात नजर समोर एका बिंदूवर ठेवा. यामागे साधं कारण आहे. आपण झुलतो तेव्हा समोरचं दृश्यही डोळ्यात सरकतं, वस्तू जवळ असेल तर जास्त सरकतं आणि दूर असेल तर कमी, म्हणून थोड्या जवळच्या बिंदूकडे बघितलं तर मेंदूला आपलं झुलणं लवकर कळतं आणि तो लवकर सावरतो. खूप लांब बघून उभं राहणं त्यामुळे अवघड जातं, डोळे मिटून तर फारच. म्हणजे तेच आसन ठेवून फक्त नजर बदलली तरी सराव सोपा किंवा कठीण करता येतो.

याहून मला आवडणारी गोष्ट म्हणजे बोटाचा स्पर्श. १९९४ मध्ये जेका आणि लॅकनर या दोन संशोधकांनी दाखवलं की उभं असताना स्थिर वस्तूला बोटाचं टोक नुसतं टेकवलं तरी झुलणं बरंच कमी होतं, आणि तो स्पर्श इतका हलका असतो की त्याने शरीराला आधार मिळणं शक्यच नाही, शंभर ग्रॅमपेक्षाही कमी भार. मग मिळतं काय? मिळते ती माहिती. बोटाच्या त्वचेवर पडणाऱ्या बारीक ताणातून मेंदूला कळतं की शरीर कुठे चाललंय. म्हणून चांगला योग थेरपिस्ट घाबरलेल्या माणसाला भिंतीवर रेलायला सांगत नाही, भिंतीला एक बोट लावायला सांगतो, मग हळूहळू तेही काढायला लावतो. रेललं तर स्नायूंना कामच उरत नाही, बोट लावलं तर काम चालू राहतं आणि भीती मात्र कमी होते. ही भीती छोटी गोष्ट नाही हं. पडायची भीती बसली की माणूस अंग आखडून चालतो, बाहेर जायचं टाळतो, त्याने पाय आणखी कमजोर होतात आणि पडायची शक्यता उलट वाढते.

आणि पडणं किती गंभीर असतं ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार लोक पडण्यामुळे मरतात, अपघाती मृत्यूंमध्ये रस्ते अपघातांनंतर याचाच नंबर लागतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १७०२ लोकांना १० सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं होतं, साधारण पाचातल्या एकाला जमलं नाही. पुढची सरासरी सात वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर वय, आजार वगैरे हिशोबात धरूनही न जमलेल्या गटात मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त निघाला. २०२२ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ लावला की एका पायावर उभं राहिलं की आयुष्य वाढतं. तसं त्यातून सिद्ध होत नाही. बॅलन्स हा एकूण तब्येतीचा आरसा आहे एवढंच त्यातून कळतं, पण तेवढंही पुरेसं महत्त्वाचं आहे.

मग योगाने बॅलन्स खरंच सुधारतो का? साठीच्या पुढच्या लोकांवरच्या सहा ट्रायल्स, म्हणजे लोकांवर करून बघितलेल्या चाचण्या, एकत्र करून २०१६ मध्ये एक आढावा आला, त्यात तीनशेच्या वर लोक होते. बॅलन्समध्ये थोडी सुधारणा दिसली, हालचालीत म्हणजे चालणं, खुर्चीतून उठणं यात मध्यम. चमत्कार नाही, पण खरा फायदा. एकूण व्यायामाबद्दलचा पुरावा याहून भक्कम आहे, वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात १०८ ट्रायल्स होत्या आणि व्यायामाने पडण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं, त्यातही बॅलन्सचे व्यायाम महत्त्वाचे. कंबरदुखीत तर अमेरिकेतल्या फिजिशियन लोकांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुन्या दुखण्यासाठी औषधांच्या आधी जे उपाय करून बघायला सांगितले त्यात योग आहे.

पाठीच्या बाकाचं बघू. लॉस एंजेलिसमध्ये साठीच्या पुढच्या, पाठीला जास्त बाक आलेल्या ११८ जणांवर ट्रायल झाली होती, आठवड्याला तीन दिवस, २४ आठवडे योग. लवचिक पट्टीने मोजलेला बाक योग करणाऱ्यांमध्ये तुलनेने चार-पाच टक्क्यांनी कमी झाला. पण दुसऱ्या एका उपकरणाने मोजलं तर फरक दिसला नाही, आणि लोकांना स्वतःला तब्येतीत फार फरक जाणवला असंही नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण 'योगाने पाठ सरळ होते' असं छातीठोक सांगणारे खूप भेटतात. बाक वाढायचा थांबला तरी खूप झालं असं मी म्हणेन.

इथे एक इशारा फार गरजेचा आहे. हाडं ठिसूळ झालेल्या माणसाने पुढे वाकायची आसनं जोर लावून करू नयेत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या हॉस्पिटलमध्ये १९८४ साली मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांचा अभ्यास झाला, त्यात पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या गटात ८९ टक्के जणींच्या मणक्यात नवीन फ्रॅक्चर किंवा चेपलेपणा दिसला आणि मागे वाकायचे, म्हणजे पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम करणाऱ्या गटात १६ टक्के जणींमध्ये. अभ्यास लहान होता, पण फरक केवढा! म्हणजे पश्चिमोत्तानासन एकाला चांगलं असेल आणि दुसरीचा मणका मोडेल, तिला हलकं भुजंगासन किंवा शलभासनाची छोटी पायरी जास्त योग्य. ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू असेल तर शीर्षासन नको, त्यात डोळ्यातलं प्रेशर साधारण दुप्पट होतं. योगाचा क्लास आणि योगोपचार यातला फरक हाच, उपचारात आधी माणूस तपासायचा आणि मग आसन ठरवायचं. आसनांना असं तपासून बघायची वाट जुनी आहे, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्या काळात एक्स-रे आणि दाब मोजायची यंत्रं वापरून योगक्रियांचा अभ्यास केला.

मनाचं काय? ताठ उभं राहिलं की हॉर्मोन्स बदलतात असं मध्यंतरी खूप गाजलं होतं, नंतरच्या मोठ्या प्रयोगात ते टिकलं नाही, तर ते सोडून द्यावं. श्वासाचं मात्र खरं आहे. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक छान पेपर आला, माळ जपताना म्हटली जाणारी प्रार्थना किंवा मंत्र लयीत म्हटला तर श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि ब्लडप्रेशर सांभाळणारी शरीराची यंत्रणा जास्त तत्पर होते असं त्यात दिसलं. पोक काढून बसलं तर बरगड्यांना आणि श्वासपटलाला हलायला जागा कमी मिळते, म्हणून आधी ताडासन किंवा खुर्चीत नीट बसणं आणि मग सावकाश श्वास, हा क्रम बरोबरच आहे.

सुरुवात करायची असेल तर भिंतीजवळ ताडासन, टाच आणि दोन्ही बाजूच्या बोटांची मुळं जमिनीला नीट टेकलेली, अनवाणी. मग भिंतीला एक बोट लावून एक पाय उचलायचा, आधी नुसती टाच. खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठणं-बसणं हेही यातच धरा, ते उत्कटासनच आहे. ६५ च्या पुढच्यांनी बॅलन्स आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यात निदान तीन दिवस करावेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि सोडलं की फायदा ओसरतो. गरगरत असेल, अलीकडे पडला असाल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांना दाखवा, कारण यातल्या काही गोष्टींची कारणं औषधात, नजरेत किंवा कानात असतात आणि तिथे आसन पुरत नाही.