कळवळा दमतो तेव्हा

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली की कोल्हापूरची तऱ्हाच बदलते. एरवी फुटबॉलवरून ईर्षेला पेटणाऱ्या पेठा चपाती-भाजीची पाकिटं बांधायला बसतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा हे साऱ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण पुरातलं मदतकार्य असो, रुग्णालयातला वॉर्ड असो की घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असो, रोज दुसऱ्याचं दुःख पाहणाऱ्यांवर एक वेळ अशी येते की ती माणसं चिडचिडी होतात, नजर चुकवतात. माया आटली, असं म्हणून आपण मोकळे होतो. मेंदूशास्त्राचं उत्तर वेगळं आहे.

तानिया सिंगर या जर्मन संशोधिकेनं २००४ साली लंडनमध्ये जोडप्यांवर एक प्रयोग केला. स्त्री स्कॅनरमध्ये, जोडीदार शेजारी. कधी तिच्या हाताला विजेचा वेदनादायक झटका, कधी त्याच्या. त्याला झटका बसणार असल्याची नुसती खूण दिसली तरी तिच्या मेंदूतले काही भाग, मुख्यतः इन्सुला आणि सिंग्युलेट पट्ट्याचा पुढचा भाग, जागे होत. हे भाग स्वतःच्या वेदनेतही काम करतात. दुसऱ्याचं दुखणं आपण काही अंशी खरोखरच सोसतो. मग दिवसभर सोसत राहिलेला माणूस दमला तर नवल काय?

खरी गंमत पुढे आहे. २००७च्या सुमारास मात्यू रिकार हे बौद्ध भिक्खू सिंगर यांच्या प्रयोगासाठी स्कॅनरमध्ये शिरले. रिकार मूळचे फ्रेंच जीवशास्त्रज्ञ, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पेशी-आनुवंशिकीत डॉक्टरेट मिळवून हिमालयात गेलेले. करुणेचं ध्यान करताना त्यांच्या मेंदूत वेदनेचं ते जाळं अपेक्षेप्रमाणे पेटेना, वेगळेच भाग उजळले. मग त्यांना सांगण्यात आलं, आता करुणा बाजूला ठेवा, फक्त दुसऱ्याचं दुःख अनुभवा. त्यांनी अनाथालयातल्या हाल सोसणाऱ्या मुलांचं चित्र डोळ्यांपुढे आणलं. वेदनेचं जाळं लगेच जागं झालं आणि थोड्याच वेळात हा मुरलेला साधकही पार गळून गेला. पुन्हा करुणेकडे वळल्यावर त्यांना उभारी आली.

एका भिक्खूवरून सिद्धान्त मांडता येत नाही, म्हणून ओल्गा क्लिमेकी आणि सिंगर यांनी ध्यानाचा अनुभव नसलेल्या लोकांना शिकवून पाहिलं. आधी दुःखाशी समरस होण्याचं प्रशिक्षण दिलं: लोकांच्या हालअपेष्टांच्या चित्रफिती पाहताना त्यांना जास्तच वाईट वाटू लागलं. नंतर करुणेचं प्रशिक्षण दिलं: तो त्रास ओसरला, आपुलकीची भावना वाढली आणि मेंदूत माया व समाधान यांच्याशी जोडलेले भाग सक्रिय झाले. दुःख दिसत होतंच, पण त्यात बुडणं थांबलं होतं.

पाचव्या शतकात बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात हा धोका नोंदवून ठेवला आहे, याचं मला प्रत्येक वेळी आश्चर्य वाटतं. मेत्ता (म्हणजे मैत्रीभाव), करुणा, मुदिता आणि उपेक्खा या चार भावनांना प्रत्येकी दोन शत्रू असतात, असं ते म्हणतात. दूरचा शत्रू ओळखता येतो. करुणेचा दूरचा शत्रू क्रूरता. जवळचा शत्रू मात्र मित्रासारखाच दिसतो. करुणेच्या बाबतीत तो म्हणजे शोक, मेत्तेच्या बाबतीत आसक्ती, आणि उपेक्खेच्या, म्हणजे समतोलाच्या बाबतीत, अज्ञानातून आलेली बेफिकिरी. “मला काय त्याचं” म्हणणारा माणूस वरून शांतच दिसतो, पण तो समतोल नव्हे.

मेत्तेच्या सरावाचा क्रमही ठरलेला आहे. आधी स्वतःचं भलं चिंतायचं, मग आदराच्या आणि जिव्हाळ्याच्या माणसाचं, मग ज्याच्याशी ना देणं ना घेणं अशा कुणाचं (केएमटीच्या बसमधला कंडक्टर चालेल), आणि शेवटी वैऱ्याचं. कोल्हापुरात खरी कसोटी बहुधा मुदितेची. दुसऱ्याच्या यशात आनंद मानायचा, म्हणजे शाहू स्टेडियमवर समोरच्या पेठेनं चषक उचलला तरी मनापासून टाळी वाजवायची! हे जमलं तर बाकीचं अवघड नाही.

जिल्ह्याला हा विषय परका नाही. जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्याला बौद्ध लेणी आहेत, आणि हातकणंगले तालुक्यात आळत्याजवळ विपश्यना केंद्र आहे. तिथल्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वास, मग शरीरावरच्या संवेदना आणि अगदी शेवटी मंगल मैत्री, म्हणजे सर्वांचं भलं चिंतणं, शिकवतात. मन थोडं स्थिर झाल्याखेरीज सद्भावना पोकळ राहते, हा त्यामागचा विचार.

पण श्वासाकडे नुसतं लक्ष देणं पुरेसं आहे का? सिंगर यांच्या गटाने जर्मनीत नऊ महिन्यांचा मोठा प्रकल्प राबवला, तीन-तीन महिन्यांचे तीन टप्पे. एकात एकाग्रता, एकात करुणा, एकात दुसऱ्याच्या जागी जाऊन विचार करणं. शेवटच्या दोन्ही टप्प्यांत रोज दहा-एक मिनिटं जोडीदाराशी बोलायचं असे: एकानं आपला अनुभव सांगायचा, दुसऱ्यानं मध्ये न बोलता ऐकायचं. २०१७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, चारचौघांपुढे परीक्षा देताना वाढणारं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, या दोन टप्प्यांनंतर निम्म्यापर्यंत घटलं. नुसत्या एकाग्रतेनंतर घटलं नाही.

तरीही “ध्यान करा, मेंदू बदला” असे संदेश व्हॉट्सॲपवर फिरतात त्यांच्यावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. आठ आठवड्यांच्या लोकप्रिय माइंडफुलनेस (सजगता ध्यान) वर्गाने मेंदूच्या रचनेत फरक पडतो, हा गाजलेला दावा २०२२ साली अमेरिकेत काटेकोरपणे तपासला गेला तेव्हा टिकला नाही. ध्यानाने माणूस इतरांशी अधिक चांगला वागतो का, यावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा २०१८ साली घेतला गेला. परिणाम माफकच निघाला. करुणा वाढल्याचं तर त्याच प्रयोगांत दिसलं, जिथे ध्यान शिकवणारी व्यक्ती स्वतःच शोधनिबंधाची सहलेखक होती.