लहान पिस्टन विमानांतील इलेक्ट्रॉनिक इग्निशन

लहान पिस्टन विमानांतील इलेक्ट्रॉनिक इग्निशन : एंजिनावरील दोन मॅग्नेटोंपैकी (एंजिनाच्या फिरण्यावरच ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या साधनांपैकी) एक (क्वचित दोन्ही) काढून त्याजागी बॅटरीवर चालणारा इलेक्ट्रॉनिक ठिणगीसंच बसविण्याची पद्धत. हा बदल मुख्यतः सेसना १७२, पायपर चेरोकी यांसारख्या विमानांतील लायकमिंग व काँटिनेंटल एंजिनांवर होतो. रोटॅक्स ९१२ मालिकेत इलेक्ट्रॉनिक इग्निशन मूळचेच असते; तिचा येथे विचार केलेला नाही.

पूर्वपीठिका : उच्च विद्युत् दाबाच्या मॅग्नेटोचे जनकत्व वादग्रस्त आहे. जर्मन परंपरा ते रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्याला देते. बॉश यांनी १८८७ मध्ये स्थिर एंजिनासाठी कमी दाबाचा मॅग्नेटो तयार केला, मात्र तोही आधीच्या नमुन्यावर बेतलेला होता. १८९७ मध्ये त्यांनी तो मोटार-तिचाकीवर चढविला. ब्रिटिश लेखक बॉश यांचे भागीदार फ्रेडरिक सिम्स यांना बरोबरीचा वाटा देतात. उच्च दाबाची मूळ कल्पना १८९८ च्या सुमारास फ्रान्समध्ये बूदव्हील यांनी मांडली, असेही म्हटले जाते. परंतु त्यांच्या रचनेत कंडेन्सर (विद्युत् भार साठविणारा घटक) नव्हता. कंडेन्सर नसेल तर पॉइंट (मंडल तोडणारे संपर्क) उघडताना तेथेच ठिणग्या उडून पॉइंट जळतात आणि दुय्यम वेटोळ्यात पुरेसा दाब चढत नाही. त्यामुळे बॉश यांचे अभियंता गोटलोब होनोल्ड यांचा १९०२ च्या सुमाराचा संच हाच पहिला वापरण्याजोगा मॅग्नेटो मानणे अधिक सयुक्तिक वाटते. राइट बंधूंच्या १९०३ च्या एंजिनावर मात्र कमी दाबाचाच मॅग्नेटो होता. ठिणगी सिलिंडरच्या आत संपर्क तोडून पाडली जाई आणि एंजिन चालू करण्यासाठी लागणारी कोरडी बॅटरी व कॉइल जमिनीवरच राहत.

इलेक्ट्रॉनिक संच आधी स्वतः बांधलेल्या ‘एक्स्पेरिमेंटल’ विमानांवर रुळले. प्रमाणित विमानांसाठी युनिसन कंपनीचा लासार हा संच १९९० च्या दशकात आला. त्याचा वीजपुरवठा तुटला तर तो साध्या मॅग्नेटोसारखा चालत राही. इलेक्ट्रोएअरच्या संचाला २०११ च्या सुमारास, तर शुअरफ्लायच्या संचाला त्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी पूरक प्रमाणपत्र (एसटीसी) मिळाले.

कार्य : मॅग्नेटोची ठिणगी बहुतेक एंजिनांवर दट्ट्या वरच्या टोकाला पोचण्याच्या २५° (काहींवर २०°) आधी पडते, आणि हा कोन कायम असतो. स्टार्टर फिरवताना वेग कमी असल्याने ठिणगीही क्षीण असते. म्हणून इम्पल्स कपलिंगची स्प्रिंग रोटरला उशिरा पण झटक्याने फिरविते. इलेक्ट्रॉनिक संचाच्या ठिणगीची ताकद एंजिनाच्या वेगावर अवलंबून नसते आणि चालू करताना तो कोन आपोआप मागे घेतो. गरम एंजिन चटकन सुरू होते, ते यामुळेच. मॅनिफोल्ड दाब (एंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब) कमी झाला की कोन पुढे नेण्याची सोय बऱ्याच संचांत असते, कारण विरळ मिश्रण सावकाश जळते. समुद्रसपाटीला पूर्ण थ्रॉटलवर कोन मूळचाच राहतो. उड्डाणाच्या वेळी जादा शक्ती मिळेल ही अपेक्षा चुकीची आहे. लाभ दिसतो तो उंचीवर, मिश्रण लीन केल्यावर (त्यातील इंधन कमी केल्यावर). तेथे निकासाचे तापमान उतरते आणि सिलिंडर हेडचे चढते. ज्या विमानांत हेड आधीच गरम राहते तेथे कोन स्थिर ठेवणे बरे.

बसविणे : प्रथम मास्टर (विमानाचा मुख्य वीज-स्विच) व इग्निशन बंद करून प्रत्येक सिलिंडरचा एक तरी प्लग काढतात. पी-लीड (मॅग्नेटो बंद करणारी तार) सोडवलेला मॅग्नेटो ‘जिवंत’ असतो, म्हणजे प्रोपेलर हलविला तरी ठिणगी पडू शकते. क्रमांक १ च्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दाबाचा फेरा (सिलिंडरमधील मिश्रण दाबले जाण्याचा) ओळखतात. लायकमिंगवर रिंग गिअरच्या पुढील बाजूची खूण स्टार्टरच्या कवचातील बारीक भोकाशी जुळवतात. खूण ओलांडली तर बरेच मागे जाऊन पुन्हा चालत्या दिशेनेच यावे, नाहीतर गिअरमधील ढिलाई मापात शिरते. काही काँटिनेंटल एंजिनांत मॅग्नेटो ओढताना गिअरमधले रबरी ठोकळे आत पडतात. ते काढण्यासाठी प्रसंगी मागचे आवरण उघडावे लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक येथेच होते. मॅग्नेटो २५° च्या खुणेवर जुळवतात, तर शुअरफ्लायसारखे संच वरच्या टोकाच्या (टीसी) खुणेवर. सवयीने २५° वर बसविल्यास संच तीच जागा वरचे टोक धरतो आणि ठिणगी ५०° आधी पडते. अशा वेळी चालू करतानाच एंजिन उलटा धक्का देते व स्टार्टर फुटू शकतो.

दुसरी चूक चावी-स्विचच्या मागील पट्टीची. जुन्या जोडणीत ‘स्टार्ट’वर ही पट्टी उजवा मॅग्नेटो ग्राउंड करते, म्हणजे बंद ठेवते. नवा संच उजवीकडे बसवून पट्टी तशीच ठेवली, तर चालू करताना तोच बंद राहतो. उलट संच डावीकडे असेल आणि उजव्या मॅग्नेटोला इम्पल्स कपलिंग नसेल, तर पट्टी हवीच.

वीज थेट बॅटरीवरून, बॅटरीजवळच्या फ्यूजमधून घेतात. धुरामुळे मास्टर बंद करावा लागला तरी ठिणगी चालू राहावी, हा हेतू. ग्राउंडची तार सैल असणे आणि बॅटरी दमलेली असणे ही बिघाडांची नेहमीची कारणे. इलेक्ट्रॉनिक खोके स्वतः क्वचितच बिघडते. मॅग्नेटोच्या वायुछिद्रातून संकेत घेणारा टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) असेल तर त्याचा संवेदक उरलेल्या मॅग्नेटोवर हलवावा लागतो. प्लगची फट मॅग्नेटोसाठी सामान्यतः ०.०१६ ते ०.०२२ इंच असते. इलेक्ट्रॉनिक बाजूला उत्पादकाचाच आकडा पाळावा.

चाचणी : लायकमिंगच्या नेहमीच्या नियमात एंजिन एकाच मॅग्नेटोवर चालवून पाहता मिनिटाला कमाल १७५ फेऱ्यांची घट आणि दोहोंत ५० चा फरक चालतो. बदलानंतर एकट्या मॅग्नेटोवरची घट मोठी व इलेक्ट्रॉनिकवरची नगण्य दिसते. त्यामुळे ५० च्या फरकाची कसोटी गैरलागू होते. एसटीसीसोबतची पुरवणी प्रमाण मानावी.

दोन्ही मॅग्नेटो काढावेत की नाही, यावर मतभेद आहेत. अमेरिकी नियम ३३.३७ दोन स्वतंत्र मंडले व दोन स्वतंत्र ऊर्जास्रोत (किंवा तितकीच विश्वासार्ह व्यवस्था) मागतो. म्हणून दुसऱ्या संचासाठी वेगळी राखीव बॅटरी किंवा स्वतःचा जनित्र असलेला संच लागतो. एक मॅग्नेटो ठेवणे हाच मार्ग अधिक प्रचलित आहे. त्याची ५०० तासांची तपासणी अर्थातच सुटत नाही. सेसना १७२एनच्या ओ-३२०-एच२एडी एंजिनात दोन्ही मॅग्नेटो एकाच कवचात, एकाच दांड्यावर असल्याने तेथे नेहमीचा संच बसत नाही.

भारतात नोंदलेल्या विमानावर अमेरिकी एसटीसी आपोआप लागू होत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता लागते. बारामती, धुळे येथील उड्डाण प्रशिक्षण संस्थांनाही हाच नियम आहे.