ओवी की अभंग? आधी पहिला चरण पाहा

कवितेचं रसग्रहण लिहिताना ओवी आणि अभंग यांची अदलाबदल फार होते. दोन्ही अक्षरछंद. लघु-गुरू पाहायचे नाहीत, अक्षरं मोजायची, जोडाक्षर एकच धरायचं. ओवीत आणि मोठ्या अभंगात चार चरण, आणि चौथा बहुधा आखूड. त्यामुळे चौथ्या चरणावरून ओळखायला गेलं की हमखास फसायला होतं. खूण पहिल्या चरणात असते.

ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या : ‘ॐ नमो जी आद्या । वेद प्रतिपाद्या । जय जय स्वसंवेद्या । आत्मरूपा ॥’ पहिले तिन्ही चरण एका यमकात बांधलेत. आता तुकोबा : ‘सुंदर तें ध्यान । उभें विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां ॥’ इथे ‘ध्यान’ यमकाबाहेर राहिलं. यमक जुळतं ते दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं.

मग अक्षरं मोजा. तुकोबांची 6, 6, 6, 4. हा मोठा अभंग, आणि शेवटच्या कडव्यातही माप हेच : ‘तुका म्हणे माझें । हेंचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख । आवडीनें ॥’ ओवीत मात्र 6, 6, 8, 4 निघतात, आणि लगेच दुसऱ्या ओवीचा चौथा चरण, ‘अवधारिजो जी’, सहा अक्षरांचा. ग्रांथिक, म्हणजे ग्रंथात लिहिलेल्या, ओवीला ही मोकळीक आहेच. ‘इथे छंद बिघडला’ असा शेरा मारणं चूक. मला तर ‘जय जय’ म्हणताना तिसरा चरण दोन अक्षरांनी फुगतो, तिथे स्तुतीचा उमाळा ऐकू येतो.

नुसतं ‘यमक साधले आहे’ लिहून थांबू नये, असं मनापासून वाटतं. ‘विटेवरी’ पायांचं, ‘कटावरी’ हातांचं. यमकानं ही दोन टोकं जोडली आणि सबंध मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहिली. रसग्रहणात सांगायचं ते हे.

छोट्या अभंगाचा घोटाळा होत नाही. आठ-आठ अक्षरांचे दोनच चरण, शेवटी यमक : ‘जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले ॥’

आणखी एक गुंता शब्दातच आहे. ‘अभंग’ हे छंदाचं नाव तसंच पूर्ण रचनेचंही. त्या रचनेला बहुधा ध्रुपद, म्हणजे पुन्हा पुन्हा म्हणायची ओळ, असतं, शेवटी ‘तुका म्हणे’सारखी नाममुद्रा येते आणि कविता तिथे मिटते. ओवी हे एका कडव्याचं नाव. ज्ञानेश्वरीत अशा सुमारे 9000 ओव्या 18 अध्यायांतून एकीला एक लागून वाहतात, आणि एखादा दृष्टान्त कित्येकदा पुढच्या ओवीत जाऊन पुरा होतो. म्हणून सुटी ओवी विश्लेषणाला घेतली, तर तिच्या मागची-पुढची ओवीही वाचून घ्यावी.