लाटेची आठवण कुणाला वाचवते?

बेळगावहून चोर्ला घाट उतरला की गोव्याचा समुद्र गाठता येतो. तरीही खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बहुतेक मराठी माणसांना समुद्र ठाऊक असतो तो सहलीपुरता. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीशी मात्र या भागाचे नाते त्याहून जवळचे आहे. सांबरा येथील हवाई दलाच्या प्रशिक्षण शाळेतून बाहेर पडणारे जवान देशभरातल्या तळांवर जातात. अशाच एका तळावर, कार निकोबार बेटावर, त्या सकाळी जवान आणि त्यांचे कुटुंबीय मिळून शंभराहून अधिक माणसे गेली. त्याच द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला, ग्रेट निकोबारवर, सरकारने 1969 पासून माजी सैनिकांची कुटुंबे वसवली होती आणि त्यांत महाराष्ट्रातलीही कुटुंबे होती. समुद्रापासून दूर वाढलेली माणसे बेटावर राहायला जातात, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्यांजवळचे नेमके काय त्यांच्याजवळ नसते?

त्सुनामीतून वाचलेल्यांची कथने, मग ती हवाईची असोत की अंदमानची, काही बाबतींत विलक्षण जुळतात. आवाज आगगाडीसारखा किंवा जेट विमानासारखा होता, पाणी काळे होते, आणि चित्रातल्यासारखी वळलेली लाट आलीच नाही, समुद्रच वर चढत आला, असे लोक पुन्हा पुन्हा सांगतात. भौतिकशास्त्र या आठवणींना दुजोरा देते. चार हजार मीटर खोल समुद्रात त्सुनामीचा वेग ताशी सातशे किलोमीटरच्या वर असतो, पण उंची नगण्य असते. 2004 मध्ये भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी उपग्रहाने भर समुद्रात मोजलेली लाट 60 सेंटिमीटरच्या आसपास होती. तिची लांबी मात्र शेकडो किलोमीटर असते. उथळ पाण्यात पुढचा भाग मंदावतो, मागचे पाणी त्यावर येऊन साचते आणि ते ओसरायला कित्येक मिनिटे लागतात. समुद्रतळाचा गाळ उपसला गेल्यामुळे ते काळे दिसते.

आणखी एक आठवण सार्वत्रिक आहे, ती म्हणजे समुद्र मागे हटल्याची. 1 एप्रिल 1946 रोजी अल्युशियन बेटांजवळच्या भूकंपाची लाट हवाईला पोहोचली, तेव्हा लाऊपाहोएहोए येथील किनाऱ्यावरच्या शाळेतली मुले उघड्या पडलेल्या तळावर तडफडणारे मासे पाहायला खाली उतरली होती. तिथे वीसहून अधिक विद्यार्थी आणि शिक्षक दगावले. सगळ्या हवाईत 159 जण. मात्र समुद्र हटणे ही खूण हमखास मिळेलच असे नाही. भूकंपात समुद्रतळ कुठे उचलला गेला आणि कुठे खचला, यावर लाटेचा चढ आधी येणार की उतार, हे ठरते. 2004 मध्ये थायलंडच्या बाजूला आधी पाणी ओसरले, तर श्रीलंकेच्या बाजूला आधी चढले. समुद्र हटण्याची वाट पाहत थांबणे म्हणूनच धोक्याचे. पहिली खूण पायाखालची जमीन देते.

सुमात्राच्या पश्चिमेला असलेल्या सिमेलुए बेटावर ही खूण पाठ होती. 1907 मध्ये तिथे मोठी त्सुनामी येऊन गेली होती. तिची कथा आजी-आजोबांनी नातवंडांना सांगितली, गाण्यांतून आळवली, आणि त्या कथेत त्सुनामीला ‘स्मोंग’ असे नाव होते. बेटाच्या उत्तर टोकावरचे लांगी हे गाव 2004 च्या भूकंपाच्या केंद्राच्या अगदी जवळ होते. हादरा थांबल्यानंतर सुमारे आठ मिनिटांत दहा मीटरहून उंच लाट गावावर आली. कोणतीही यंत्रणा इतक्या वेळात सावध करू शकली नसती. गावातली सुमारे आठशे माणसे तोवर टेकडीवर पोहोचली होती आणि त्यांतले एकही दगावले नाही. सुमारे 78 हजार लोकवस्तीच्या सबंध बेटावर लाटेने सात जणांचा बळी घेतला. माझ्या मते या कथेचे बळ तिच्या करुणतेत नाही. जमीन जोरात हादरली की सामान न उचलता डोंगराकडे पळायचे, एवढी ठोस कृती तिच्यात बांधलेली होती.

याची दुसरी बाजू 2 एप्रिल 2007 रोजी सॉलोमन बेटांवर दिसली. तिथल्या त्सुनामीत 52 जण मरण पावले. मूळ बेटवासीयांच्या तुलनेत किरिबातीहून आणून वसवलेल्या गिल्बर्टी समाजात मृत्यूंचे प्रमाण जास्त होते. हे लोकही समुद्रावर जगणारेच, पण त्यांचे मूळ गाव मोठ्या भूकंपांच्या पट्ट्यापासून दूर असल्यामुळे हादरा आणि लाट यांची सांगड घालणारी कथा त्यांच्याकडे नव्हती. मासेमारी येते म्हणून त्सुनामी कळते असे नाही, तर मग घाटमाथ्यावरून गेलेल्या जवानाची गोष्टच सोडा.

वाचलेल्या एकट्या माणसाची आठवण मात्र जपून हाताळावी लागते. तीव्र भीतीत मेंदूतला अमिग्डाला हा भाग सक्रिय होतो आणि प्रसंगाचा गाभा खोल कोरला जातो. कडेचे तपशील, घटनांचा क्रम, किती वेळ गेला याचा अंदाज हे सारे निसटते. अमेरिकेतील 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांनंतर ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांवर झालेल्या अभ्यासात त्या दिवसाच्या आठवणी साध्या आठवणींइतक्याच बदलत गेल्या, खात्री मात्र तसूभरही कमी झाली नाही, असे आढळले. म्हणून संशोधक एकाच गावातल्या अनेकांची कथने ताडून पाहतात आणि भिंतीवरच्या पाण्याच्या खुणांशी त्यांचा मेळ घालतात.

खरी आठवणही फसवू शकते. सुमात्राजवळच्याच मेंतावाई बेटांनी सप्टेंबर 2007 मध्ये 8.4 तीव्रतेचा जबर भूकंप अनुभवला होता आणि त्यानंतर आलेली लाट किरकोळ होती. 25 ऑक्टोबर 2010 च्या रात्री 7.8 तीव्रतेच्या भूकंपात जमिनीखालचा खडक संथपणे सरकला. हादरा सौम्य वाटला, 2007 च्या मानाने काहीच नाही म्हणून अनेक जण घरातच थांबले, आणि चारशेहून अधिक माणसे गेली. कृष्णा-दूधगंगेच्या काठी 2019 च्या महापुरात, ‘2005 ला पाणी या पायरीपर्यंतच आलं होतं’ असे म्हणत घर न सोडणारे लोक आपणही पाहिले आहेत. मागच्या वेळची पायरी हीच कमाल मर्यादा, असे मन ठरवून टाकते.

मेंतावाईचा तो हादरा सौम्य असला तरी बराच वेळ टिकला होता. इंडोनेशियात आता तीन विसांचा नियम शिकवतात: हादरा वीस सेकंद जाणवला, तर वीस मिनिटांच्या आत वीस मीटर उंचीवर जायचे. त्यात हादऱ्याच्या जोराचा उल्लेखच नाही.