बेळगावच्या परड्यात बडीशेपेच्या वासाचं झाड

ॲनिस हिसॉपचं पान चुरगळलं की बडीशेपेचा गोडसर वास येतो, पण बडीशेपेशी त्याचं नातं नाही. चौकोनी खोड, समोरासमोर पानं आणि टोकाला निळसर जांभळा तुरा म्हणजे तुळस-पुदिन्याचं कूळ. शास्त्रीय नाव अगास्टाची फोनिक्युलम. बी मागवताना हे नाव पाहूनच घ्यावं. नुसत्या ‘हिसॉप’ नावाने मिळतं ते निराळं, कडवट झुडूप.

वास असतो पानांवरच्या सूक्ष्म तैलग्रंथींत. त्यातला मुख्य घटक बहुतेक झाडांत एस्ट्रागोल. बडीशेपेतला ॲनेथोल आणि हा एस्ट्रागोल, दोघांत कार्बनचे 10, हायड्रोजनचे 12 आणि ऑक्सिजनचा 1 अणू. फरक एवढाच की एक दुहेरी बंध जागा बदलून बसतो. सब्जाच्या कित्येक वाणांतही एस्ट्रागोल भरपूर असतो, त्यामुळे हा वास आपल्याकडे अगदीच परका वाटत नाही.

झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतलं. कडक थंडी ते सोसतं, कोरडं ऊनही सोसतं. त्याला मारतो तो मुळाशी साचलेला ओलावा. बेळगाव शहर साधारण 750 मीटर उंचीवर असल्यामुळे हिवाळा त्याला मानवतो; जून ते सप्टेंबर मात्र कठीण. म्हणून इथे त्याला रब्बीच्या पिकासारखं वागवावं: सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरणी आणि डिसेंबरपासून मार्चपर्यंत पानांची तोडणी. तुऱ्यांची घाई करू नये. हे लांब दिवसांत फुलणारं झाड आहे. त्याच्या मायभूमीत उन्हाळ्यातला दिवस 15-16 तासांचा असतो, आपल्याकडे मोठ्यात मोठा दिवस 13 तासांच्या आसपास. तेव्हा पानं हेच इथलं खरं उत्पन्न धरावं. तुरे आले तर सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांसाठी ते राखावेत. अमेरिकेतले मधपाळ हे झाड मकरंदासाठीच मुद्दाम लावत आले आहेत.

बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये दोन हजारांहून जास्त. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीने झाकू नये. इथेच बहुतेकांची पेरणी वाया जाते. चिमूटभर बी चार चमचे बारीक कोरड्या वाळूत मिसळून ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) भुरभुरावं आणि सपाट फळीने हलकं दाबावं. पाणी वरून न घालता ट्रे थाळीतल्या पाण्यात ठेवून खालून द्यावं. आधी ओलसर वाळूत घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेलं बी जास्त एकसारखं उगवतं. 10 ते 20 दिवसांत कोंब दिसतात. दाट उगवलेली रोपं बुडाशी काळी पडून कोलमडतात, तेव्हा वेळेवर विरळणी करावी.

पाच-सहा आठवड्यांनी रोपं एक-एक फुटावर लावावीत. अथणी, रायबागकडच्या काळ्या जमिनीत वीतभर उंच गादीवाफा करून त्यात जाड वाळू मिसळल्याशिवाय लावूच नये. खानापूरकडच्या तांबड्या मातीतून पाण्याचा निचरा बरा होतो, पण ती आंबट असते. वाफ्याला मूठभर चाळलेली लाकडाची राख पुरते. कुंडी असेल तर 12 इंच खोल घ्यावी आणि दोन भाग तांबडी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेलं शेणखत असं मिश्रण भरावं. युरिया नको. त्याने पानं मोठी, लुसलुशीत होतात, पण वास पातळ पडतो आणि रोगही लवकर धरतो. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, मग बगलेतून फांद्या फुटतात.

माती ओली असूनही झाड मान टाकतं, तेव्हा तहान समजून आणखी पाणी घातलं जातं. प्रत्यक्षात मुळांना हवा मिळत नसते आणि कुजवणारी बुरशी आत शिरलेली असते. बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच पाणी द्यायचं. पानांवर पांढरी पूड धरणाऱ्या भुरी रोगाचं गणित उलटं आहे. द्राक्षवाल्यांच्या ओळखीच्या या रोगाला पान ओलं असण्याची गरज नसते. कोरडे दिवस, गार रात्री आणि दाट सावली त्याला पुरते. म्हणून तो आपल्याकडे ऐन हिवाळ्यात येतो. पांढरी पानं काढून टाकावीत, फांद्या विरळ कराव्यात आणि एक भाग दूध, नऊ भाग पाणी असं मिश्रण आठवड्यातून एकदा उन्हाच्या वेळी फवारावं. चहात जाणाऱ्या पानांवर गंधक मारू नये.

दंव सुकल्यावर सकाळी तोडणी करावी, एका वेळी झाडाचा तिसरा हिस्सा. जुड्या सावलीत वाऱ्यावर वाळवाव्यात; उन्हात तेल उडून जातं. चहासाठी कपभर उकळतं पाणी उतरवून त्यात पाच-सहा ताजी पानं किंवा चमचाभर वाळलेली पानं घालावीत आणि पाच मिनिटं झाकावं. गवती चहासारखं खळाखळा उकळू नये, वास वाफेबरोबर निघून जातो. लिंबाच्या सरबताच्या पाकात पाक उतरवल्यावर मूठभर पानं अर्धा तास ठेवली की छान गोडवा येतो. काकडीच्या कोशिंबिरीत सुटी फुलं शोभतात आणि लागतातही चांगली.

एक काळजी मात्र घ्यायलाच हवी. मोठ्या मात्रेत एस्ट्रागोल दिल्यावर प्रयोगशाळेतल्या उंदरांत यकृताचे कर्करोग दिसले आहेत आणि युरोपीय तज्ज्ञ समितीने 2001 मध्ये त्याचा वापर कमी ठेवायला सांगितलं. अधूनमधून कपभर चहा आणि रोजचा काढा यांत फरक आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना व लहान मुलांना यांतलं काहीच देऊ नये. काढलेलं तेल पोटात कुणीच घेऊ नये.

बियांपासून आलेल्या सगळ्या रोपांचा वास सारखा नसतो, काहींत पुदिन्याची झाक जास्त असते. ज्याचं पान आवडलं त्याच्या, तुरा नसलेल्या शेंड्याच्या चार इंची फांद्या मेमध्ये काढाव्यात, खालची पानं खुडून वाळू-कोकोपीटमध्ये सावलीत लावाव्यात. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. मूळ झाड वीतभर ठेवून छाटावं आणि नव्या-जुन्या सगळ्या कुंड्या पागोळ्या पडणार नाहीत अशा बेताने पडवीत आत सरकवाव्यात. पावसाळाभर पाणी अगदी जपून द्यावं. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात झाड उघड्यावर तग धरेल अशी आशा करू नये.